मोरोक्कन टेबल : घर सजेल की घराचं हॉटेल होईल?

निळी सुरई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे आमच्याकडे एका टेबलावरून शीतयुद्ध चालू आहे आणि टेबल अजून घरात आलेलंसुद्धा नाही.

बैठकीच्या खोलीत पांढऱ्या भिंती, करडा सोफा, एका बाजूला पुस्तकांचं कपाट. मध्ये मोकळी जागा आहे, तिथे मला मोरोक्कन पद्धतीचं बुटकं टेबल हवंय. दोन पसंत पडलीत. एक रंगीत फरशीच्या तुकड्यांचं, गोल, ८० सेंटिमीटर व्यासाचं, लोखंडी पायांवरचं. दुसरं म्हणजे कोरीव पितळी तबक, खाली घडीचा लाकडी सांगाडा.

नवऱ्याचं म्हणणं, "आज टेबल आणशील, उद्या जाळीचे कंदील, परवा बसायला चामड्याचे पूफ, आणि तेरवा मला पायघोळ झगा घालून दार उघडायला लावशील. घराचं हॉटेल करू नकोस."

तर प्रश्न असे : अशी एकच वस्तू आणली तर ती एकटी पडते का? रोजच्या वापराला ही टेबलं बरी की नुसती बघायला? आणि खरं काम कुठलं, नक्कल कुठली, हे कसं ओळखायचं?

---

रिकामटेकडा

झग्याला जेलाबा म्हणतात. टोपडंही असतं त्याला. टेबलाचं काहीही होवो, जेलाब्यातला फोटो मात्र आलाच पाहिजे.

---

ओसरी

एकच आण आणि बिनधास्त आण. पांढरी खोली आणि करडा सोफा म्हणजे कोरी पाटी आहे. एक वस्तू बोलकी असली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. खोलीत सगळेच बोलायला लागले की हॉटेल होतं.

---

झुंबर

ओसरीशी असहमत. एकटं मोरोक्कन टेबल म्हणजे चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेला पाहुणा. सजलेला असतो, पण कोणाकडचा ते कळत नाही. निदान दोन-तीन वस्तू तरी सोबतीला हव्यात.

अर्थात मी सल्ला देतेय तो स्वतः आपटून. मोरोक्कोतल्या मराकेश शहरातल्या माजोरेल बागेतला तो गडद निळा माहीत असेल. झाक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराची ती बाग, पुढे १९८० मध्ये फॅशन डिझायनर ईव्ह सॅं लोराँ आणि त्याचा जोडीदार पिएर बेर्जे यांनी विकत घेऊन वाचवली. मी टेबलाला साजेशी म्हणून बैठकीची एक अख्खी भिंत त्या निळ्याने रंगवली. तिथे तो रंग भर उन्हात, कॅक्टसच्या हिरव्याशेजारी असतो. माझ्याकडे एक खिडकी आणि एक ट्यूबलाइट. सहा महिने आम्ही माशांच्या काचपेटीत राहिलो.

---

ओसरी

@झुंबर, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की!

---

भूमितीचा तास

सुरईताई, रंगाआधी जरा गणित करू.

व्यास ८० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर. फरशीचे तुकडे आणि त्यामागचं सिमेंट मिळून जाडी ३ सेंटिमीटर धरा. घनफळ ०.०१५ घनमीटर. घनमीटरला २३०० किलो धरले तर वजन ३५ किलोच्या आसपास येतं. हे नुसतं वरचं ताट, लोखंडी पाय वेगळे. तेच ६० सेंटिमीटरचं घेतलंत तर २० किलोच्या आत आटपतं. व्यास पाऊणपट झाला की वजन जवळजवळ निम्मं होतं, हे दुकानात लक्षात येत नाही, जिन्यात येतं.

---

रिकामटेकडा

म्हणजे नवऱ्याला एकदा ते हलवायला लावलं की शीतयुद्ध संपेल. किंवा कंबर.

---

सुतारपक्षी

लाकडाचा माणूस आहे, तेव्हा तिसरा पर्याय मांडतो. मोरोक्कन टेबल म्हटलं की सगळे फरशी नाहीतर पितळ धरून बसतात, पण तिथलं लाकूडकाम बघा.

एस्साविरा हे अटलांटिकच्या काठचं गाव थुया लाकडासाठी प्रसिद्ध आहे. झाड सुरूच्या कुळातलं. खरी किंमत खोडाला नाही, बुंध्याशी जमिनीखाली धरणाऱ्या गाठीला. ती कापली की आत डोळ्याडोळ्यांची नक्षी निघते, चित्त्याच्या कातड्यासारखी. वासही खास, ड्रॉवर उघडला की येतो. पण गाठ काढायची तर मूळ खणावं लागतं, म्हणजे झाड गेलं. त्यामुळे अख्ख्या गाठीचं मोठं टेबल आता कोणी दाखवलं तर मी आधी संशय घेतो. बहुतेक वेळा साध्या लाकडावर पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत पापुद्र्याची द्या.

दुसरा प्रकार रंगवलेल्या लाकडाचा. या कामाला झुवाक म्हणतात. सहा किंवा आठ बाजूंची उंच टेबलं असतात, खाली प्रत्येक बाजूला कमान कापलेली. ही मधोमध ठेवायची नसतात, खुर्चीच्या कडेला शोभतात.

आणि कुणी हाडाच्या तुकड्यांचं जडावकाम दाखवलं तर ते मोरोक्कोत होतं, उंटाचं हाड वापरतात, मेंदीत रंगवतातही. मात्र अंगभर शिंपल्याचं जडाव असेल तर त्याचं माहेर दमास्कस समजा. विकताना सगळ्यालाच 'मोरोक्कन' म्हणतात.

---

पानं चाळता चाळता

थुया! सुतारपक्षी, तुम्ही माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलात. अवांतर आहे, संपादकांनी सोडून द्यावं.

याच झाडाला रोमन लोक सिट्रस म्हणत आणि त्याच्या टेबलांसाठी ते वेडे झाले होते. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की प्रसिद्ध वक्ता सिसेरोने अशा एका टेबलासाठी ५ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) मोजले, आणि सिसेरो काही रोममधला सर्वांत श्रीमंत माणूस नव्हता. मॉरेटेनियात (तेव्हाचा उत्तर आफ्रिकेतला प्रदेश) ज्या डोंगरावरचं लाकूड उत्तम समजलं जाई तो प्लिनीच्या काळातच रिकामा झाला होता. म्हणजे सुतारपक्ष्यांची तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे.

गंमत पुढेच आहे. प्लिनी याला टेबलांचं वेड म्हणतो आणि सांगतो, की नवऱ्यांनी मोत्यांवरून बोल लावला की बायका हेच टेबलवेड त्यांच्या तोंडावर मारत.

---

निळी सुरई

@पानं चाळता चाळता, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावण्यात आला आहे.

---

खडूस आजोबा

सगळे लाकूड, पितळ, रोम करताहेत. गुडघ्यांचा विचार कोण करणार? बुटक्या टेबलावरून कप उचलायला वाकायचं आणि मग उठायला दोन माणसं बोलवायची. सोफ्याची बैठक मोजा आधी. टेबल तिच्याइतकं किंवा चार बोटं खाली, त्याहून खाली नको. आणि सोफ्यापासून टेबलापर्यंत ४० सेंटिमीटर तरी मोकळे सोडा, नाहीतर नडगी फुटेल. माझी फुटली आहे.

---

अर्धा कप

आजोबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. नोकरीच्या निमित्ताने चार वर्षं मोरोक्कोच्या राजधानीत, राबातला होतो, तिथलं जे बघितलं ते सांगतो.

साध्या मोरोक्कन घराच्या बैठकीत भिंतीलगत तीन बाजूंनी सलग गाद्यांची बैठक असते, तिला सदारी म्हणतात. मधली जागा बहुतेक वेळ मोकळी. टेबल तिथे ठाण मांडून बसत नाही. जेवायची वेळ झाली की मीदा येतो. मीदा म्हणजे बुटकं गोल लाकडी टेबल. शेजारच्यांकडे शुक्रवारी कुसकुस (वाफवलेला रवा) असायचा तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा तो चक्क चाकासारखा घरंगळवत आणायचा. मधोमध एकच मोठी परात, सगळे भोवतीने, प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातून खायचं. जेवण झालं की टेबल पुसून पुन्हा भिंतीला टेकवून उभं.

चहाचं तबक वेगळं, त्याला सिनिया म्हणतात. कित्येकदा त्यालाच खाली तीन आखूड पाय असतात, वेगळ्या टेबलाची गरजच नाही. रीतसर थाट असला तर तबकं दोन : एकात किटली आणि काचेचे पेले, दुसऱ्यात साखर, पुदिना आणि चहाचे डबे. चहा उंचावरून ओततात, फेस यावा म्हणून. थोडा सांडतोच. तबकाला उभा काठ असतो तो त्यासाठी. सुरईताई, घरात लहान मूल असेल तर या काठाची किंमत तुम्हाला कळेल.

सांगायचा मुद्दा, तिथे टेबल उचलायची वस्तू आहे. खोली टेबलाभोवती लावत नाहीत, टेबल माणसांपाशी नेतात. हे एकदा पटलं की 'खोलीत शोभेल का' हा प्रश्न थोडा सैल होतो. नाही शोभलं तर दुसऱ्या खोलीत न्यायचं. ३५ किलोचं मात्र नेता येत नाही.

---

रिकामटेकडा

घरंगळवत आणायचं! भूमितीसर, ३५ किलोचं गोल टेबल घरंगळलं तर वेग किती?

---

भूमितीचा तास

खालच्या मजल्यावरचे लोक सांगतील.

---

चिनीमातीची बरणी

अर्धा कप, छान लिहिलंत, पण फरशीच्या टेबलाला इतक्या लवकर बाद करू नका. मी मोरोक्कोतल्या फेस शहरात हे काम तासभर उभी राहून पाहिलंय, मार्गदर्शक कंटाळून निघून गेला तरी मी हलले नाही.

या कामाचं नाव झेलीज. फेसच्या आसपासच्या मातीच्या छोट्या चौकोनी फरश्या भाजतात, एका बाजूने चकाकी चढवतात. मग साच्याने त्यावर आकार आखायचे आणि जड, धारदार हातोडीने एकेक तुकडा टिचवत काढायचा. तारा, बदाम, पट्टी, प्रत्येक आकाराला नाव. तुकड्याची मागची कड तिरकी छाटतात, म्हणजे वरून दोन तुकडे अगदी चिकटून बसतात आणि खालच्या फटीत सिमेंट शिरतं.

आणि आता खरी जादू. उस्ताद कारागिराला तिथे मालेम म्हणतात. तो हे तुकडे पालथे मांडतो. चकाकी खाली, लाल मातीची पाठ वर. म्हणजे निळा कुठला, पांढरा कुठला, हे त्याला मांडताना दिसत नाही. अख्खी नक्षी डोक्यात. मधल्या आठ टोकांच्या ताऱ्यापासून सुरू करून बाहेर बाहेर जात राहतो. सगळं मांडून झालं की वरून गिलावा ओततात, सुकला की उलटतात, आणि तेव्हा पहिल्यांदा नक्षी दिसते. मी विचारलं, चुकलं तर? तो नुसता हसला.

सुरई, खरं-खोटं ओळखायच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. टेबलाखाली वाकून बघ. खाली सिमेंट दिसलं पाहिजे. वरून तळहात फिरव, खरं झेलीज काचेसारखं सपाट लागत नाही, किंचित खालीवर लागतं. एकाच निळ्याच्या दोन तुकड्यांत छटेचा फरक असतो. सगळे तुकडे जुळ्या भावांसारखे दिसले तर ती छापील फरशी.

---

सुतारपक्षी

वा! पालथं मांडतात हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

दगडधोंडे

फरशी, पितळ, लाकूड झालं. दगड राहिला. मोरोक्कोत वाळवंटाच्या कडेला एर्फूद नावाचं गाव आहे, तिथे काळ्या चुनखडी दगडाची टेबलटॉप करतात आणि त्यात पांढरे जीवाश्म. लांब भाल्यासारखे दिसतात ते ऑर्थोसेरास, गुंडाळलेले ते गोनिअटाइट. दोन्ही माकूळ-ऑक्टोपसचे दूरचे नातलग. वय ३५ कोटी वर्षांहून जास्त. म्हणजे सहारा समुद्र होता तेव्हाचे.

त्यावर कप ठेवताना मला अजून संकोच वाटतो. शिवाय लिंबाचा थेंब पडला तर दगडाची झिलई तिथल्या तिथे मरते. चुनखडीच ती, आंबट सहन होत नाही.

---

रिकामटेकडा

३५ कोटी वर्षं टिकले आणि सरबताने मेले.

---

कौलारू

बरणीताईंनी झेलीज इतकं सुंदर सांगितलं की माझी कथा सांगायला जीव होत नाही, पण सांगतो. झेलीजचं टेबल हौसेने गच्चीवर ठेवलं. मी राहतो तिथे थंडीत पाणी गोठतं. भाजलेली माती पाणी पिते, ते आत गोठून फुगतं आणि वरची चकाकी पापडासारखी उडते. दुसऱ्या वसंतात ताऱ्याची तीन टोकं गेली होती. विकणाऱ्याने 'बाहेर चालेल' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्याकडे गोठत नसावं.

घरात ठेवणाऱ्यांना ही भीती नाही. फक्त सांध्यांमध्ये डाग मुरतात, तेव्हा आधी सीलर लावून घ्या आणि पुसायला व्हिनेगर वापरू नका, सांधा खाऊन टाकतं.

---

सईची आई

पितळवाल्यांसाठी माझी शोककथा. तबक मंद झालंय असं वाटून लिंबू-मीठ लावून घासलं, तेही तारेच्या घासणीने. त्यावर लॅकरचा पारदर्शक थर होता हे मला घासून अर्धा उडवल्यावर कळलं. आता अर्धं तबक चकचकीत, अर्धं तपकिरी. पाहुण्यांना 'चंद्रकला' आहे असं सांगते.

शिका माझ्यावरून : महिनोन्महिने जराही काळं पडत नसेल तर वर लॅकर आहे, ओल्या फडक्याने पुसून सोडून द्या. आणि घेताना चुंबक जवळ ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.

---

खडूस आजोबा

चुंबक घेऊन दुकानात जाणारी गिऱ्हाइकं. विकणाऱ्याची दया येते.

---

अर्धा कप

नका दया करू आजोबा. फेसच्या सफ्फारीन चौकात तांबटांची ठोकाठोक कानठळ्या बसेपर्यंत चालते. तिथे मी एका तबकाला १२०० दिरहॅम ऐकले, चहा प्यायलो, निघालो, परत बोलावलं गेलो, पुन्हा चहा प्यायलो आणि ५०० ला घेऊन आलो. विजयी मुद्रेने घरी दाखवलं. शेजारीण म्हणाली, "तीनशेत मिळालं असतं, पण चहा चांगला होता ना?"

---

मैदानाबाहेर

झेलीजवरून आठवलं. २०२२ मध्ये अल्जीरियाच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर आदिदासने झेलीजची नक्षी छापली आणि मोरोक्को खवळलं. तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या वतीने वकिलाचं पत्र गेलं, की हा आमचा वारसा आहे. कंपनीचं म्हणणं, नक्षी अल्जीरियातल्या त्लेमसेनच्या राजवाड्यावरून घेतली. तेव्हा सुरईताई, टेबल घेतल्यावर दोन्ही देशांचे पाहुणे एकाच दिवशी बोलावू नका.

---

झुंबर

विषय फुटबॉलवर जायच्या आत मूळ प्रश्नाकडे येते. माझं मत थोडं बदललंय. सोबतीला दोन-तीन मोरोक्कन वस्तू हव्यात हा हट्ट सोडला. पण टेबलातला एक रंग खोलीत आणखी एकदा दिसू दे, उशीच्या अभ्र्यात म्हणा, पुस्तकाच्या पाठीवर म्हणा. भिंतीवर नको.

---

ओसरी

याला म्हणतात तह.

---

भूमितीचा तास

आणि घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा गोल कापून जमिनीवर ठेवा. ८० चा एक, ६० चा एक. दोन-तीन दिवस त्यांच्याभोवती वावरा. दुकानाच्या उंच छताखाली सगळंच लहान दिसतं.

---

निळी सुरई

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय कारण पुठ्ठे कापत होते.

८० चा गोल पहिल्याच दिवशी बाद. कपाटाचं खालचं दार उघडेना, आणि नवरा त्यावरून चालताना प्रत्येक वेळी मुद्दाम "आई गं, नडगी!" असं ओरडायचा. ६० चा मात्र दोन दिवसांत दिसेनासा झाला, म्हणजे सवयीचा झाला. सोफ्याची बैठक मोजली, ४४ सेंटिमीटर. फरशीचं टेबल ६० मध्ये होतं, पण उंची ५२. आजोबांच्या नियमात बसेना. तबक सांगाड्यासकट ४२.

दुकानात मी तबकाला चुंबक लावत होते (नाही चिकटला), तेव्हा नवरा गायब. बघते तर बरणीताईंचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून फरशीच्या टेबलाखाली पालथा पडून टॉर्च मारतोय. बाहेर येऊन दुकानदाराला म्हणाला, "मालेमने मधून सुरुवात केलीय का कडेने?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी तबकाकडे बघितलं.

तर तबक घरी आलं. झुंबर, पितळेच्या रंगाचा एक अभ्रा शिवायला टाकलाय. काल आम्ही ते उचलून खिडकीपाशी नेलं, नंतर पुन्हा मध्ये आणलं. अर्धा कप, तुमची आठवण काढली. एकच तक्रार : चमचा ठेवला तरी देवळातल्या घंटेसारखं घुमतं. रात्री पाणी प्यायला उठलं की अख्खं घर जागं. यावर काही उपाय?

---

सुतारपक्षी

तबक जिथे लाकडी सांगाड्यावर टेकतं तिथे नमद्याचे छोटे तुकडे चिकटवा, जितके पाय तितके. तबकाला नाही, लाकडाला चिकटवा. पितळेवर गोंदाचा डाग राहतो. तबक डुगडुगत असेल तर एका पायावरचा तुकडा दुहेरी करा.

---

निळी सुरई

सहा तुकडे लावले, एक दुहेरी. घुमणं थांबलं, आता नुसतं टक् वाजतं.

---

रिकामटेकडा

ते ठीक आहे. जेलाबा?